मदत हवी आहे : धातूच्या जुन्या छोट्या सैनिकांची साफसफाई, मशीनने करू की कानशीने?

गडवाट :

नमस्कार मंडळी. असईच्या लढाईचा (२३ सप्टेंबर १८०३) देखावा करायला घेतला आहे. शिंदे-भोसल्यांची फौज मी स्वतः घडवतोय, पण समोरचे गोरे शिपाई आयते मिळाले. मामा बरीच वर्षं इंग्लंडात होता. त्याने तिकडे घेतलेले, रंग न दिलेले धातूचे साठेक सैनिक लाकडी पेटीत पन्नास वर्षं पडून होते. उंची जेमतेम इंचभर.

साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ प्रत्येकाच्या अंगावर आहे. टोपीवरून निघते, गालावरून आणि खांद्यावरून उतरत थेट बुटापर्यंत जाते. काखेत आणि बंदुकीच्या पट्ट्यामागे धातूचा पातळ पापुद्रा राहिलाय. हे काढल्याशिवाय रंग द्यायचा नाही, कारण रंगाखाली रेघ जास्तच उठून दिसते.

त्यासाठी हातात धरायचं छोटं रोटरी मशीन आणलं. पहिल्याच शिपायाला पॉलिश पेपरचा ड्रम लावला आणि दोन सेकंदांत त्याचं नाक-गाल सपाट झालं. धातू घासला जायच्या ऐवजी लोण्यासारखा पसरला नि ड्रमला चिकटला. दुसऱ्याच्या वेळी बिट (मशीनचं फिरतं टोक) अडकलं, शिपाई बोटांतून सुटून भिंतीवर आपटला. मग ब्लेड घेतलं, ते अंगठ्यात गेलं. आता पुढे हात लावायची भीती वाटते. मामा आता नाही, त्यामुळे यातला एकही वाया घालवायचा नाहीये.

आणखी एक. तीन-चार शिपायांवर पिठासारखी पांढरी भुकटी धरली आहे. टूथब्रशने झटकली की जाते. ती कशाची असेल? काम जेवणाच्या टेबलावर करतो आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे, म्हणून विचारतो.

नीलमोहर :

दादा, आधी काम थांबवा. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि मशीनपेक्षा मला त्या भुकटीची काळजी वाटते. ती बहुतेक शिशाचा गंज आहे. लाकडातून, विशेषतः बंद पेटीत, ॲसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. तिच्यामुळे आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे शिशाचं पांढरं कार्बोनेट तयार होतं. कथलावर असं होत नाही. जुने सैनिक शिसं-कथलाच्या मिश्रणाचे असायचे, तेव्हा सगळे साठ शिशाचेच धरून चला. एखाद्याचा तळ पांढऱ्या कागदावर ओढून बघा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर संशय पक्का, पण नाही उठली म्हणून निर्धास्त होऊ नका.

अखंड शिसं हातात धरल्याने फारसं काही होत नाही. ते पोटात जातं किंवा श्वासातून जातं तेव्हा अपाय करतं. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही, आणि मुलं जमिनीवरचं बोट तोंडात घालतातच. टेबल, फरशी, खुर्ची ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडकं टाकून द्या. झाडू नका, फुंकर मारू नका, घरातला साधा व्हॅक्यूमही नको, तो बारीक धूळ मागून खोलीत सोडतो. मुलीच्या डॉक्टरांशी बोलून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. घाबरायला नव्हे, खात्रीसाठी.

भुकटीचे शिपाई कोरडे झटकू नका. डबीत पाणी नि भांड्यांचा साबण घेऊन त्यात बुडवून, पाण्याखालीच ब्रश करा. मग नीट वाळवून प्लास्टिकच्या डबीत ठेवा. ती लाकडी पेटी आता नको.

सोनारआळी :

ताईंनी सांगितलं ते आधी करा. अवजारांचं मी सांगतो, आमच्याकडे तीन पिढ्या सोनारकाम आहे. शिशाला लावलेली कानस आम्ही सोन्याच्या पाटावर येऊ देत नाही. शिशाचा कण चिकटलेला राहून दागिना तापला तर तिथे खड्डा पडतो. तुम्हीही या कामाच्या कानशी वेगळ्या ठेवा, ओळखायला मुठीवर लाल पट्टी लावा.

मऊ धातूला मशीन पहिलं नव्हे, शेवटचं. ड्रमच्या वेगाने धातू तापतो. शिसं-कथलाचं एक मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं, म्हणून तो पसरला. सुरुवात ब्लेडने करा, पण कापायचं नाही, खरवडायचं. ब्लेडची पाठ रेघेवर जवळजवळ उभी धरून हलकेच ओढा. अंगठा पात्याच्या वाटेत कधीच नको, आणि त्याला चामड्याची टोपी घाला. राहिलेला उंचवटा बारीक कानशीने काढा. कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे येताना उचलायची. आधी तिच्यावर खडू घासा, म्हणजे दातांत कीस भरत नाही. पाण्याचा थेंब टाकून घासलंत तर धूळ उडत नाही.

शिपाई बोटांत धरू नका. तळ लाकडी ठोकळ्याला चिकटवा किंवा चामडं लावून छोट्या शिकंजात धरा.

गडवाट :

दोघांचे मनापासून आभार. कागदावर रेघ उठली. टेबल, फरशी पुसून झाली, तपासणीची वेळ घेतली. काम आता बाल्कनीत हलवतोय. मशीन कायमचं ठेवून देऊ का?

सोनारआळी :

काखेत, पट्ट्यामागे कानस पोचत नाही तिथे कामी येईल. गोल स्टीलचा बर, म्हणजे बारीक दातांचं कोरायचं टोक, लावा, वेग सगळ्यात खाली, आणि बरला आधी मेणात फिरवा म्हणजे धातू चिकटत नाही. एका वेळी दोन सेकंद, मग थांबून बघा. डोळ्यांवर गॉगल हवाच, मशीनला कधी तारेचा ब्रश लावलात तर त्याच्या तारा सुटून उडतात. धुळीसाठी कापडी मास्क चालत नाही, एन९५ किंवा त्याहून वरचा घ्या. हातमोजे मात्र घालू नका, फिरत्या बिटात कापड अडकलं तर बोट ओढलं जातं.

नीलमोहर :

कीस ओल्या कागदात गुंडाळून झाकणाच्या बरणीत साठवा, मोरीत सोडू नका. काम करताना चहाचा कप जवळ नको. उठलात की साबणाने हात, मग कपडे बदलून मुलीजवळ. ते कपडे वेगळे धुवा.