पंडितजींचं न गाणं

वर कुणीतरी लिहिलंय की ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकावरच्या चित्रपटात पदं आखडती घेतली. पटतं. नाटकाच्या आठवणीत वडील सांगायचे, टाळ्या थांबेनात की पद पुन्हा सुरू व्हायचं. पेटीवाला नुसता नाटकातल्या गवई खाँसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघत बसायचा. पडद्यावर वन्समोअर कुठून येणार?

पण मला त्याहून खुपतो तो पंडितजींचा, म्हणजे खाँसाहेबांशी गाण्याच्या स्पर्धेत हरणाऱ्या गायकाचा, बदल. १९६७च्या नाटकात हरलेले पंडितजी गप्प होतात, त्यांचं गाणं आपण मनात ऐकतो. २०१५च्या चित्रपटात पंडितजी झालेले शंकर महादेवन सुंदर गातात, शिवाय आवाज जाण्याला शेंदूर खाऊ घातल्याचं कारणही मिळतं. तेवढ्यानं ते मौन लहान झालं. राहुल देशपांडेंनी आजोबांची, नाटकात खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांडेंची, पदं पेलली मात्र जिवापाड.