दुष्काळ नव्हे, उचल हे वळण

तुमच्या कथेत १९७२ चा दुष्काळ हेच पहिलं वळण धरलंय, ते मला पटलं नाही. दुष्काळ अख्ख्या गावावर पडतो. त्यानं माणसावरचा दाब वाढतो, एवढंच. मागे फिरता येणार नाही असं काही माणूस करतो, तेव्हा कथा वळते.

तुमचं बीडकडचं ऊसतोड करणारं जोडपंच घ्या. मजूर गोळा करणारा मुकादम ओसरीवर बसलाय, नवरा उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मोजून घेतोय, बायको आतून ऐकतेय. पैसे हातात पडले की हंगामभर उसाच्या फडावर जाणं आलं. लेकीची शाळा सुटणार की ती आजीकडे राहणार, हा प्रश्न तिथंच उभा राहतो. हा प्रसंग घाईत उरकू नका, खरी कथा इथं आहे.

दुसरं वळण यातूनच निघायला हवं. हंगाम संपतो, हिशेब होतो, उचल फिटलेली नसते आणि बायको पुढची उचल नाकारते. आधी त्यानं ठरवलं, आता ती ठरवते. साप, अपघात कशाला हवेत?

मधला भाग रेंगाळतो म्हणता, तर तिथं नवी घटना घालू नका. तिला काहीतरी कळू द्या. मुकादमाच्या वहीतला आकडा नवऱ्यानं सांगितल्यापेक्षा मोठा निघाला, तरी पुरे.