राम मारुती रोड नाही, तर ती यादी ठाण्याची नाहीच

नौपाड्याची लेक
परवा इथे ‘ठाण्यातले सर्वांत महाग राहते रस्ते’ अशी यादी आली. पोखरण रोड नंबर २ पहिला, मग हिरानंदानी इस्टेट, मग घोडबंदरचे टॉवर. आमच्या नौपाड्यातले राम मारुती रोड, गोखले रोड, घंटाळी कुठेच नाहीत. वर शेरा: ‘जुनं ठाणं आता फक्त खरेदीपुरतं.’ हे वाचून राहवलं नाही.

यादी करणाऱ्याने अख्ख्या फ्लॅटची किंमत पाहिली. चार बेडरूमचा फ्लॅट कोटींत जाणारच! चौरस फुटाचा दर लावा ना. विष्णुनगरात लिफ्ट नसलेला जुना वन बीएचके निघाला तरी दलालाआधी शेजारीच दारात उभा असतो, कारण इथून स्टेशन, गडकरी रंगायतन, तलावपाळी सगळं पायी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती ठाण्यालाच. लोक पैसे मोजतात ते त्या पायी अंतराचे. क्लबहाउस काय, कुठेही बांधता येतं.

वाघबीळकर
ताई, आमच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, मुलं गेटच्या आत सायकल चालवतात. रविवारी संध्याकाळी राम मारुती रोडवर पोराचं बोट सोडून दाखवा. महाग असणं आणि राहण्यालायक असणं यात फरक आहे.

तीन हात नाका
आणि घोडबंदर रोडच्या कोंडीत माजिवडा ते गायमुख तुम्ही रोज हेलिकॉप्टरने जाता का? माझी बहीण कासारवडवलीला आहे. तिला भेटण्यापेक्षा पुण्याच्या मावशीकडे जाणं सोपं वाटतं.

जुना कामगार
पोखरण रोडचा भाव कुठून आला तेही बघा. नंबर १ वर रेमंड, नंबर २ वर व्होल्टास. कारखाने बंद झाले, सलग मोठ्या जमिनी मोकळ्या झाल्या, म्हणून टॉवर उभे राहिले. ज्या गेटवर आम्ही कार्ड पंच केलं, तिथे आज आमच्या मुलाला वन बीएचके परवडत नाही. तो बदलापूरला गेला. ‘महाग रस्ता’ हा कौतुकाचा विषय कसा होतो, मला खरंच कळत नाही.

घंटाळीचा सभासद
काका, बरोबर बोललात. पण नौपाड्यातही कागदावरच श्रीमंती आहे. आमची इमारत मोडकळीला आलीय, आणि रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असल्याने टीडीआर, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, मिळत नाही. बिल्डर येतो, टेप लावतो, निघून जातो. चौरस फुटाचा दर घेऊन आम्ही काय चाटायचं? वर प्लास्टर पडतंय.

नौपाड्याची लेक
मग सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून रस्तारुंदीला जागा सोडा. आमच्याकडे तळमजल्यावरच्या दुकानदारांनीच अडवलंय.

घंटाळीचा सभासद
दुकानदारांना नावं ठेवणं सोपं. २०१९ पासून ५१ टक्के संमतीवर पुनर्विकास होतो, म्हणजे उरलेल्या ४९ टक्क्यांनी बॅग भरायची? माझ्या सासऱ्यांना बिल्डरने सुरुवातीला भाडं दिलं, मग थांबवलं. नवं घर न बघताच ते गेले. तुमच्या रस्त्याच्या भावाचं गुणगान ऐकून माझं डोकं तापतं ते यासाठी.

तीन हात नाका
वाईट वाटलं. पण एका बिल्डरवरून सगळ्या पुनर्विकासाला फाशी देऊ नका. आमची इमारत झाली, आईला पहिल्यांदा लिफ्ट मिळाली. करारात बँक हमी घेतली होती आणि वकील सोसायटीचा होता, बिल्डरचा नव्हे.

घंटाळीचा सभासद
तुम्हाला तसा वकील परवडला. आमच्या अर्ध्या सभासदांना पेन्शनही नाही. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, अजून जुन्या जमीनमालकाच्या वारसांकडे अडकलंय, आधी ते सोडवू की हमी मागू?

वाघबीळकर
मूळ मुद्द्यावर या हो. मुद्रांक शुल्क आपल्याला ७ टक्के, त्यातला १ टक्का मेट्रोचा. मेट्रो धावायच्या आधीपासून आपण तो भरतोय, नौपाड्यातही आणि घोडबंदरलाही. सगळ्यांत जास्त धूळ मात्र आम्ही खाल्ली. मेट्रो पूर्ण झाली की तुमचं ‘पायी स्टेशन’ आमच्याकडेही येईल.

नौपाड्याची लेक
धूळ खाल्लीत, मान्य. बाकी काही मान्य नाही. मेट्रोच्या स्टेशनाभोवती बाजार, नाट्यगृह, दवाखाने पायी अंतरात यायला पिढ्या जातात. आणि जुना कामगार काका, तुमचं उत्तर माझ्याकडे नाही. माझा भाऊही कल्याणला गेला.

यादी करणाऱ्यांना एकच विनंती: दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे उतारे, काढा, किंमत चटई क्षेत्राने (कार्पेट एरियाने) भागा, मग क्रम लावा.

वाघबीळकर
काढतो. पण पार्किंगचे पैसे त्यात धरायचे की नाही ते आत्ताच ठरवा, नंतर नियम बदलायचे नाहीत.

तीन हात नाका
नौपाड्यात पार्किंग आहे कुठे धरायला?