उभी रेघ: आधी रंग, मग अक्षर

भाऊ, विम या टेक्स्ट एडिटरमध्ये खिडकी उभी फोडली की मधे जाड पांढरा पट्टा येतो आणि फिलकॅर्समधलं (रेघांसाठी कोणती अक्षरं वापरायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमधलं) अक्षर बदलूनही तो जात नाही, असं तुम्ही म्हणताय. जाणार नाहीच. तो पट्टा अक्षराचा नाही, रंगाचा आहे. व्हर्टस्प्लिट हा हायलाइट गट, म्हणजे या उभ्या रेघेचा रंग ठरवणारी नोंद, मुळातच 'रिव्हर्स' असतो, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीचे रंग उलटे. आधी तो 'नन' करा, मग फिलकॅर्समधल्या 'व्हर्ट'कडे, म्हणजे उभ्या रेघेच्या अक्षराकडे वळा.

तिथे कीबोर्डवरचा साधा उभा दांडा नको. प्रत्येक ओळीला तो तुटतो, कुंपणाच्या खुंट्या दिसतात. युनिकोडचं २५०२ हे चौकटीचं अक्षर टाका, रेघ सलग येते. टर्मिनलमध्ये ओळींतलं अंतर वाढवलं असेल तर मात्र तीही तुटू शकते. माझे दोन दिवस यातच गेले, आणि मी फॉन्टला शिव्या घालत होतो!

रेघच नको असेल तर व्हर्टला मोकळी जागा (स्पेस) द्या, पण तिच्याआधी उलटा तिरका दांडा (\) हवाच.

हायलाइटची ओळ कलरस्कीमच्या (एडिटरच्या रंगसंगतीच्या) ओळीखाली लिहा, नाहीतर स्कीम ती पुसते. मी ती कलरस्कीमच्या ऑटोकमांडमध्येच, म्हणजे स्कीम बदलली की आपोआप चालणाऱ्या आज्ञेत घातली आहे. कारण इथे भुसावळला मे महिन्यात दुपारी खिडकीतून असा उजेड येतो की काळी स्कीम वाचता येत नाही, रोज पांढरी लावावी लागते. निओव्हिम या विमच्या नव्या अवतारात याच व्हर्टस्प्लिट गटाचं नाव विनसेपरेटर.

ईमॅक्स हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांनी विंडो-डिव्हायडर-मोड चालू करावा, तिथे जाडी पिक्सेलमध्ये देता येते. तेवढ्यापुरता मला त्यांचा हेवा वाटतो.