अलाय डेक: स्वस्तातली फौज की मोजकी भारी माणसं?

रानवाटा:
'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम'मध्ये अलायवर, म्हणजे हिरोंच्या साथीदारांच्या पत्त्यांवर, चालणारा डेक (खेळाडूचा पत्त्यांचा संच) बांधायचा तर ५० पत्त्यांत किमान २६ अलाय हवेत आणि त्यातले निम्मे १-२ रिसोर्सचे (पत्ते खेळायला लागणारं चलन) हवेत, असं माझं ठाम मत आहे. माझे हिरो अॅरागॉर्न (१२), थिओड्रेड (८), एओविन (९). कंसातले आकडे थ्रेटचे, म्हणजे धोक्याच्या पातळीचे; सुरुवातीचा थ्रेट २९. तीन हिरो फेरीच्या सुरुवातीला तीनच रिसोर्स देतात, त्यामुळे महागडे पत्ते हातात धरून बसलात की टेबल रिकामं राहतं आणि थ्रेट चढत जातो. स्वस्त अलाय लवकर उतरले की फॅरामिर हा अलाय त्यांचं सोनं करतो. दोन हिरो आणि पाच अलाय क्वेस्टला (मोहिमेवर) गेले असतील तर त्याला एकदा आडवा केल्यावर (वापरला म्हणून पत्ता आडवा ठेवल्यावर) विलपॉवर, म्हणजे मोहिमेतलं बळ, ७ ने वाढते. फक्त घाई करू नका. स्टेजिंगचे (क्वेस्टच्या वेळी निघणारे संकटांचे) पत्ते उघडू द्या आणि गरज दिसली तरच त्याला वापरा. गरज नसेल तर तो लढाईसाठी उभा राहतो.

कडेलोट:
साफ असहमत. स्नोबोर्न स्काउट या स्वस्त अलायचा हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) एकच. नेक्रोमॅन्सर्स रीच हे संकटाचं कार्ड निघालं की आडव्या झालेल्या प्रत्येकाला १ डॅमेज बसतं. ते निघतं स्टेजिंगमध्ये, म्हणजे नेमके क्वेस्टला गेलेले सगळे आडवे असताना. तीन स्काउट आणि एक सिल्व्हरलोड आर्चर एका पत्त्यात साफ. अँडुइनच्या प्रवासाच्या डावात तर हाल आणखी वाईट. हिल ट्रोल या शत्रूचा अटॅक ६. स्काउटने ब्लॉक केलं तर डिफेन्सचा १ वजा जाऊन ५ उरतात, त्यातला १ स्काउट खातो आणि उरलेले ४ थेट तुमच्या थ्रेटवर चढतात. अशा दोन ब्लॉकमध्ये २९ चे ३७ होतात, फेरीअखेरची वाढ वेगळीच. गार्ड ऑफ द सिटाडेलचे हिट पॉइंट २, नॉर्दर्न ट्रॅकरचे ३. अशी २०-२२ टिकणारी माणसं घ्या आणि बाकी जागा इव्हेंट (एकदाच वापरायचे पत्ते) आणि अटॅचमेंट (हिरोला जोडायचे पत्ते) यांना द्या.

रानवाटा:
नेक्रोमॅन्सर्स रीचवर, ते रद्द करणारा अ टेस्ट ऑफ विल हा इव्हेंट आहे. त्यासाठी क्वेस्ट फेजमध्ये (फेरीतल्या क्वेस्टच्या टप्प्यात) शिरताना एओविनकडे १ रिसोर्स शिल्लक हवा, आणि ही शिस्त नसेल तर कुठलाच अलाय डेक टिकणार नाही. ट्रोलचा एंगेजमेंट कॉस्ट ३० (तुमचा थ्रेट तेवढा झाला की तो अंगावर येतो). थ्रेट २९ असेल तर पहिल्या फेरीत तो आपणहून येत नाही. दुसऱ्या फेरीत आला की त्याचा हल्ला संपल्यावर स्नीक अटॅक या इव्हेंटने गँडाल्फ हा अलाय फेजपुरता आणा. येताना ४ डॅमेज. मग गँडाल्फ ४, अॅरागॉर्न ३, गार्ड १ मिळून ८, ट्रोलचा डिफेन्स ३ वजा केला की ५. एकूण ९, आणि ट्रोलचे हिट पॉइंट बरोबर ९. अॅरागॉर्न क्वेस्टला गेला असेल तर त्याला उभं करायला १ आणि स्नीक अटॅकला १ रिसोर्स राखून ठेवा, आणि गार्डला क्वेस्टला पाठवू नका. फेज संपताना गँडाल्फ हातात परततो, तेही 'खेळातून जाणं'च. त्यावर व्हॅलिअंट सॅक्रिफाइस हा इव्हेंट लावून दोन पत्ते काढता येतात.

पानगळ:
एक हिशेब दोघांकडूनही सुटतोय. स्टुअर्ड ऑफ गोंडोर ही अटॅचमेंट खर्चाला २ आणि त्याच फेरीत आडवा करून २ परत, म्हणजे फुकटच. पण ५० मध्ये ३ प्रती असतील तर पहिल्या सहा पत्त्यांत तो येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के. त्याच्यासाठी मलिगन घेतलं (सुरुवातीचे सगळे पत्ते बदलून नवे सहा घेतले) तरी ५४ च्या आसपास. जवळजवळ निम्म्या डावांत तो सुरुवातीला हातात नसणार, म्हणून ४ आणि त्यावरच्या खर्चाचे पत्ते सात-आठच्या वर नेऊ नयेत. शिवाय स्टुअर्ड आणि फॅरामिर दोन्ही युनिक आहेत. जोडीदारानेही हेच पत्ते घातले तर टेबलावर एकच प्रत चालते, दुसऱ्याच्या हातातल्या अडकून पडतात. हे डेक बांधतानाच ठरवा.

कडेलोट:
खर्चाची मर्यादा मान्य, पण तो स्वस्त पत्ते भरण्याचा परवाना नव्हे. डोल गुलदूरमधून सुटकेच्या क्वेस्टमध्ये पहिल्या टप्प्यावर सगळ्यांनी मिळून फेरीला एकच अलाय खेळायचा असतो. त्या एका जागेवर स्काउट टाकणार की ट्रॅकर? आणि अ व्हेरी गुड टेल हा इव्हेंट बघा. दोन अलाय आडवे करायचे, डेक पिसून वरचे पाच पत्ते टाकायचे, त्यातले दोन अलायपर्यंत खेळात. पण त्यांचा एकूण खर्च आडव्या केलेल्यांपेक्षा जास्त चालत नाही. स्काउट आणि गार्ड मिळून होतात ३. त्यात काय येणार?

रानवाटा:
तिथेही गँडाल्फच. प्लॅनिंगमध्ये आधी गार्ड उतरवा, मग स्नीक अटॅकने गँडाल्फ आणून तीन पत्ते काढा आणि त्या दोघांना टेलसाठी आडवं करा. ५ आणि २ मिळून ७, म्हणजे ट्रॅकर आणि सन ऑफ अॅर्नर दोघेही येऊ शकतात. स्फिअर (पत्त्याचा गट) जुळायची गरज नाही, आलेले उभेच असतात, आणि गँडाल्फ फेजअखेर हातात. डोल गुलदूरची मर्यादा 'खेळण्या'वर आहे, इव्हेंटने 'खेळात आणण्या'वर नाही. मात्र पाच पत्त्यांत सरासरी दोन-अडीच अलाय निघायचे तर डेकमध्ये २० ते २५ अलाय लागतातच.

कडेलोट:
२४ वर तडजोड करू, पण स्काउट दोनच. त्यांच्या जागी गार्डच्या तिन्ही प्रती आधी भरा.