विषय: डिसेंबरात नाशिकला ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यांवरची) आणतोय, रूट सुचवा

प्रेषक: मंदार, साउदॅम्प्टन

नमस्कार मंडळी,

डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे नाशिकला सासुरवाडीला आहे. या खेपेला सायकल बरोबर नेणार. दुकानातून रिकामा बॉक्स मिळालाय, घरून परवानगीही मिळालीये. (दुसरीला जास्त वेळ लागला.)

गेली तीन वर्षं इथल्या न्यू फॉरेस्टच्या जंगलात चालवतोय. सकाळी झाडीतून निघायचं, घोडे वाटेत उभे असले तर थांबायचं आणि लीपच्या किनाऱ्यावर बसून समोरचं आयल ऑफ वाइट बघत थर्मासमधला चहा प्यायचा. नाशिकला असं काही जमेल का? झाडी हवी आणि पाणीही हवं. टायर ४० मिमीचे आहेत. अ‍ॅपवर नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे भरपूर तुटक रेषा दिसल्या, त्या जोडून ९० किमीचा रूट बनवलाय. अविनाशकाका, फाइल पाठवलीये, जरा नजर टाकाल का?

मंदार

---

प्रेषक: अविनाश, गंगापूर रोड, नाशिक

मंदार,

रूट बघितला. गोदावरी तू दोनदा अशा जागी ओलांडली आहेस जिथे पूल नाही. एकदा तर काश्यपी धरणाच्या पाण्यातून गेला आहेस. बाकी झकास.

चूक तुझी नाही, त्या तुटक रेषांची आहे. तिकडे इंग्लंडच्या नकाशावरची लांब तुकड्यांची हिरवी तुटक रेषा म्हणजे ब्रायडलवे, घोडेस्वारांची सार्वजनिक वाट. १९६८च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने त्यावरून सायकल न्यायचा हक्क दिलाय. घोडा आणि पायी माणूस यांना आधी वाट द्यायची, एवढीच अट. न्यू फॉरेस्टमध्ये तर खांबांवरचे नंबर बघत जायचं, डोकं वापरायची गरजच नाही. मी तिकडे असताना हेच करायचो आणि स्वतःला मोठा भटक्या समजायचो.

इथे तुटक रेषा म्हणजे पाणंद (शेतांमधली गाडीवाट), शिवरस्ता (गावाच्या सीमेवरचा), नाहीतर बांधावरची कुणाची तरी वहिवाट. पाणंद गावनकाशात असते, पण जमिनीवर उरलीय का, हे नकाशा सांगत नाही. दोन्हीकडचे शेतकरी दरवर्षी नांगराचं एकेक तास, म्हणजे चर, आत सरकवतात. वीस वर्षांत बैलगाडीच्या वाटेची मोटारसायकलची वाट होते आणि पुढे तीही कोथिंबिरीखाली जाते. अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदारांकडे दावा लावता येतो, मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट, १९०६ खाली, आणि असे दावे गावोगाव चालू असतात. तू हेल्मेट घालून, हँडलवर जीपीएस लावून अशा बांधावर उभा राहिलास की दोन्ही पक्षांना वाटतं, मोजणीवाला आला.

माझंच सांगतो. परत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मखमलाबादच्या पुढे अशीच एक रेषा धरून निघालो. पहिला एक किलोमीटर लालसर मुरूम, सुंदर. मग गवत, आणि मग थेट द्राक्षबागेची तार. पलीकडे एक आजी काडीला बांधणी करत होत्या. मी मोबाइल दाखवून म्हटलं, इथून रस्ता आहे. त्यांनी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "आसंल त्यात. हितं कुठंय?" पुढे म्हणाल्या, जायचं तर जा, पण सायकल खांद्यावर घ्या, ठिबकच्या नळ्या तुटतील. बागेच्या कडेने दोनशे पावलं मी सायकल उचलून चाललो आणि त्या मागून बघत होत्या, चाक खाली टेकतंय का. तेव्हापासून आदल्या दिवशी स्कूटरवर जाऊन येतो आणि फाट्यावरच्या टपरीवर विचारतो, "पुढं ट्रॅक्टर जातो का?" ट्रॅक्टर जात असेल तर सायकल जाते. "बाईक जाते" या उत्तरावर विसंबू नये. बाईक इथे कुठेही जाते.

आता जमिनीबद्दल, कारण "ग्रॅव्हल" म्हणून तुझ्या मनात जे आहे ते इथे नाही. न्यू फॉरेस्टमधला तो पिवळट, दाबून बसवलेला बारीक खडा विसर. आपल्याकडे मुरूम. काळा पत्थर झिजून, कुजून झालेला. पावसाळ्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबरात तो असा घट्ट बसलेला असतो की चाकाचा नुसता चरचर आवाज येतो. फेब्रुवारीनंतर त्याचीच धूळ होते. त्याच्या शेजारी काळी माती. अवेळी पाऊस झाला तर तिच्यात पन्नास मीटरसुद्धा जाऊ नकोस, चाक आणि फोर्क (चाक धरणारा दुहेरी दांडा) यांच्यामध्ये लापशी जमते आणि सायकल जागची हलत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे नुकतं खडीकरण झालेला रस्ता. फोडलेल्या दगडाची मोठी खडी, धारदार, रोलर फिरायचा बाकी. लांबून बघून वाटतं हेच ते ग्रॅव्हल! टायरची बाजू तिथे ब्लेडने कापल्यासारखी फाटते. आणि दोन महिन्यांनी गेलास तर तिथे डांबर असेल.

बाभळीचे काटे आहेतच. ट्यूबलेस असेल तर सीलंट (भोक बुजवणारं द्रव) इथे आल्यावर नवीन भर, उन्हात लवकर सुकतं. शक्य असेल तर ४५चे टायर लाव.

तर रूट असा कर. पहाटे सोमेश्वरवरून निघून गिरणारे (थंडी वाजेल, हातमोजे आण). तिथे मिसळ खाऊन धोंडेगावकडून काश्यपीच्या काठाने जा, पाणी डावी-उजवीकडे दिसत राहील. डिसेंबरात बागांमध्ये ब्लोअरने फवारणी चालू असते. ट्रॅक्टरमागे पांढरा ढग दिसला तर थांब, तो निघून जाऊ दे. पुढे वाघेऱ्याचा घाट आणि हरसूलची सागाची झाडी. तुझ्या न्यू फॉरेस्टच्या जवळ जाणारं काही असेल तर ते हे, फक्त घोड्यांऐवजी शेळ्या. मुख्य रस्ता डांबरीच आहे. पाड्यांकडे फुटणारे मुरमाचे फाटे विचारून घे आणि परत मुख्य रस्त्याला ये. हरसूलहून त्र्यंबक, तिथून अंजनेरीच्या पायथ्याने घरी. शंभरच्या आसपास होईल. अंधारात गिरणाऱ्याच्या पट्ट्यात फिरू नकोस, बिबट्या हा तिथे गप्पांचा विषय नाही.

काका

---

प्रेषक: वृंदा (मंडळाची कार्यकारिणी)

सर्वांना नम्र विनंती: ही मंडळाची ईमेल लिस्ट २१४ जणांना जाते, सायकलची चर्चा शक्य तर वैयक्तिक मेलवर करावी. (वाचायला मजा आली, हे वेगळं.)

हॉलच्या स्वयंपाकघरात जुन्या भांड्यांमध्ये एक स्टीलचा कडीचा डबा सापडलाय. बुडाला "सौ. सुनंदा अ." असं कोरलंय, पुढचं अक्षर घासलं गेलंय. कुणाचा?

वृंदा

---

प्रेषक: मंदार

सॉरी वृंदाताई, एकच शेवटचा प्रश्न. काका, समुद्राचं काय? त्र्यंबकहून जव्हारमार्गे डहाणूपर्यंत उतारच आहे ना? नाशिक सहाशे मीटरवर, डहाणू शून्यावर. एका दिवसात जमेल?

---

प्रेषक: अविनाश

मंदार,

हिशोब बरोबर, रस्ता मात्र तसा नाही. त्र्यंबकपर्यंत तू आधी वर चढतोस. त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी निघते ती पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते, वैतरणाही त्याच डोंगरातली, पण ती पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. तू वैतरणेच्या बाजूने उतरणार आहेस. मोखाड्याकडे घाट छान आहे, पण पुढे जव्हार पुन्हा डोंगरमाथ्यावर, साडेचारशे मीटरच्या घरात. चढ-उतार, चढ-उतार, आणि दुपारी बारानंतर डिसेंबरातही कोकणचं ऊन कोकणचंच. मी दोन दिवस लावले, जव्हारला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी कासा, मग महामार्ग ओलांडून डहाणू. महामार्ग ओलांडताना उतरून, हातात धरून. तिथे शहाणपणा नको.

डहाणू ते बोर्डी मात्र तुझ्या लीपची आठवण येईल. एका बाजूला सुरूची बनं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. सुरूच्या काड्यांनी वाट मऊ होते, चाक आवाज करत नाही. ओहोटी असेल तर ओल्या, घट्ट वाळूवर चालवता येतं. मी चालवली, आणि घरी येऊन धुतली नाही. आठ दिवसांत चेन तांबडी. तू त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धू. परतीला सायकल उलटी चालवायचा हट्ट धरू नकोस, पिकअप ठरवून ये. माझ्या ओळखीचा एक आहे, त्याला आधी सांगावं लागतं.

वृंदाताई, डबा आमचा. घासलं गेलेलं अक्षर "वि" आहे, कारण दुकानदाराने "अविनाश" पूर्ण कोरायचे जादा पैसे मागितले होते आणि आमच्या घरात तेवढ्यावरून भांडण झालं होतं. सुनंदा गेली सहा वर्षं मला विचारतेय, तो कुठे ठेवलात म्हणून.

मंदार, सायकलच्या बॉक्समध्ये फ्रेमच्या त्रिकोणात तो डबा नीट बसेल. आत मोजे भर, म्हणजे वाजणार नाही.

काका