मदत हवी आहे: सी-टॅकहून (सिएटलचा विमानतळ) सिएटलच्या उत्तरेकडच्या लिनवुडला संध्याकाळी कसं यावं?

नमस्कार मंडळी. पुढच्या मंगळवारी आई-बाबा पुण्याहून येताहेत. विमान दुपारी ३ला उतरतं, म्हणजे सामान घेऊन निघेपर्यंत ५ वाजणार. आय-५ महामार्गावरच्या, सिएटलमधल्या शिप कॅनॉल पुलाचं काम चालू असल्याने उत्तरेकडे जाणाऱ्या दोन लेन बंद आहेत. पूल १९६२चा, वरचं काँक्रीट झिजलेलं, त्यामुळे दुरुस्ती हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाबांचा गुडघा दुखतो. वीस-बावीस तासांच्या प्रवासानंतर त्यांना गाडीत अडकवून ठेवायचं जिवावर येतं.

पुलाच्या खालच्या मजल्यावरच्या एक्सप्रेस लेन सध्या दिवसभर उत्तरेकडेच सोडल्या आहेत. संध्याकाळी ५च्या सुमारास तिथे खरंच मोकळं असतं का? की सरळ आय-४०५ महामार्गाने बेलव्ह्यूमार्गे यावं? रेंटनजवळ तिथेही रोजच तुंबतं, म्हणून धीर होत नाही.

तिसरा पर्याय लिंक रेल्वेचा. विमानतळापासून लिनवुडपर्यंत गाडी बदलावी लागत नाही, पण चार मोठ्या बॅगा आहेत. मी बॅगा कारने आणाव्यात आणि नवऱ्याने आई-बाबांना रेल्वेने आणावं, असंही मनात आहे. विमानतळाच्या स्टेशनपर्यंत बरंच चालावं लागतं. तिथे व्हीलचेअर मिळते का?

या महिन्यात कुणी संध्याकाळी आलं असेल तर किती वेळ लागला, तेवढं कृपया सांगा.